होतकरू विद्यार्थ्याचं ग्राफिक्स कार्ड

मी ट्रक चालवते. खरा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. एवढं लिहून मी उठले, पाणी पिऊन आले आणि वाक्य खोडावं का याचा विचार केला. शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी सारी हयात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इथे सगळे मला अजून 'बाई'च म्हणतात. भाजीवालासुद्धा बाई म्हणतो आणि मग कोथिंबीर कमी देतो. अशा बाईने दुपारी दार लावून परदेशातल्या घाटातून लाकडं भरलेला ट्रक हाकावा, हे मला शोभत नव्हतं आणि ते मला कळतही होतं. तरी मी हाकत होते.

सुरुवात साधीच झाली. मुलाने खराडीला ऑफिसजवळ फ्लॅट घेतला आणि तो, सून, नात तिकडे राहायला गेले. त्याचा जुना डेस्कटॉप इथेच राहिला, कारण तो न्यायच्या लायकीचा उरला नव्हता. यजमान गेल्यावर वीजबिल भरायला आणि नातेवाइकांच्या लग्नांचे फोटो बघायला मी तो वापरू लागले. मुलाचा ट्रकचा एक जुना खेळ त्यात पडून होता. एकदा चुकून तो उघडला गेला, आणि बंद कसा करायचा ते कळेपर्यंत मी एका गावाबाहेर पोचले होते.

मी आयुष्यात सायकल चालवली आणि पुढे काही वर्षं मोपेड. घरात गाडी आली ती यजमानांनी चालवली. मी शेजारी बसून समोरून ट्रक येतोय असं सांगायचं आणि त्यांनी "दिसतंय" म्हणायचं, अशी आमची वाटणी होती. आता तो समोरून येणारा ट्रक माझ्याच हातात होता. कोणी घाई करत नव्हतं, कोणी शिकवत नव्हतं. मला फार आनंद झाला. एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा मला लगेच लाज वाटली.

लाजेला कारण होतं. पालकसभेत मुलांच्या कॉम्प्युटरच्या खेळांवर मी जे काही बोलले आहे, ते ऐकलेले पालक अजून याच गल्लीत राहतात. नात सुट्टीत आली की तिलाही मी सोडत नसे. ती आठवीत. तिच्याकडे तिचा स्वतःचा चांगला कॉम्प्युटर आहे आणि संध्याकाळी ती शाळेतल्या मैत्रिणींबरोबर कसला तरी खेळ खेळते. डोळे जातील, मान जाईल, मार्क जातील, असं मी तिला ओळीने ऐकवायची. तिने ते निमूटपणे ऐकायचं. तेव्हा माझा ट्रक आतल्या खोलीत एका पेट्रोल पंपावर उभा असायचा.

एक ते चार आमच्याकडे कोणी बेल वाजवत नाही. ती वेळ माझी होती. पण पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि मी मोहाने ती घेतली, तर आमचा डेस्कटॉप तिच्यापुढे बसलाच. चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. वळण आधी लागायचं आणि दिसायचं नंतर. पहिल्याच दुपारी मी तीन मेंढ्या आणि एक टोलनाका उडवला.

मग मी अभ्यासाला लागले. अभ्यास करणं मला येतं. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डच नव्हतं, प्रोसेसरच जमेल तसं चित्र रंगवत होता. म्हणजे कार्ड घ्यायचं. कोणतं, यावर पोरं तावातावाने बोलतात असे व्हिडिओ मी कानाला इयरफोन लावून पाहिले. एकेक गोष्ट कळत गेली. आमचा पॉवर सप्लाय जुना आणि अशक्त, तेव्हा वेगळी वायर मागणारं कार्ड चालणार नाही. ज्या खाचेत बसतं तिथूनच वीज घेणारं हवं. काही नवी स्वस्त कार्डं नव्या मदरबोर्डसाठी बनवलेली, जुन्यावर लावली की निम्मा जोर जातो. वापरलेलं घ्यावं तर आधीच्या मालकाने त्याला दिवसरात्र राबवलेलं असू शकतं. शिवणाची टेप आणून मी कॅबिनेटची आतली लांबीही मोजली, कारण हार्ड डिस्कची चौकट मध्ये येत होती. बी.एड.च्या वेळी पाठ काढायचे तेव्हासुद्धा मी इतकी तयारी केली नव्हती.

तयारी झाल्यावर दुकानात गेले. मंडईपलीकडे कॉम्प्युटरच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक स्टुलावर बसून पेपर वाचत होता. मी मला काय हवं ते सांगितलं. त्याने पेपर खाली न करता विचारलं, "कशासाठी? गेमिंग?"

तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी "बाई, तुम्ही इथे?" असं म्हणालं. आमच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी प्रिंटरची शाई घ्यायला आल्या होत्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. त्यांना कळलेली गोष्ट नोटीस बोर्डावर लावावी लागत नाही. 

"छे हो," मी म्हणाले. "एक विद्यार्थी आहे माझ्याकडे. होतकरू आहे. आर्किटेक्चरला आहे, त्याच्या ड्रॉइंगसाठी हवंय."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण निघालं त्याशिवाय दुसरं काही निघूच शकलं नसतं. माझ्या माहेरी आजोबांच्या काळापासून वार लावून जेवणारे विद्यार्थी असत; सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. लग्नानंतर आम्ही दोघं दर वर्षी कोणा ना कोणाची फी भरायचो. गरीब होतकरू विद्यार्थी म्हटलं की आमच्या पेठेत पुढचं कोणी विचारत नाही, लोक चष्मा काढून पुसू लागतात. दुकानदारानेसुद्धा पेपर खाली ठेवला.

त्याने एक खोका काढून दिला. मी तो उलटून पाहिला आणि सांगितलं की याला वेगळी वायर लागते, आमचा पॉवर सप्लाय जुना आहे. त्याने दुसरा काढला. मी म्हणाले, हे जुन्या बोर्डावर निम्म्यानेच चालेल. तो माझ्याकडे बघत राहिला. हे सगळं तुम्हाला कोण सांगतं, असं त्याने विचारलं, आणि मी म्हणाले, तोच सांगत होता. "मग त्यालाच पाठवा की," दुकानदार म्हणाला. "तुमचे हेलपाटे वाचतील आणि माझेही खोके." वहिनी बाजूला उभ्या राहून कौतुकाने ऐकत होत्या. त्यांच्यासमोर पैसे काढायचा मला धीर झाला नाही. उद्या येते म्हणून मी बाहेर पडले.

वहिनी सोबत चालू लागल्या. मुलगा राहतो कुठे, असं त्यांनी विचारलं. समोरून विश्रांतवाडीची पाटी लावलेली बस चालली होती, म्हणून मी विश्रांतवाडी सांगितलं. तिथे खोली घेऊन राहतो, खोलीत कॉम्प्युटर नाही, म्हणून दुपारी माझ्याकडे येऊन काम करतो. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी म्हणाले, विचारलं नाही.

"विश्रांतवाडी म्हणजे..." वहिनींनी वाक्य अर्धवट ठेवलं. मग म्हणाल्या, "तरी तुम्ही घरात बसवून शिकू देता. मोठं मन लागतं, बाई."

समता हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवलेला आहे. 'तरी' म्हणजे काय, असं मी तिथेच फुटपाथवर विचारायला हवं होतं. वर्गात एखाद्या मुलीने असं अर्धवट वाक्य टाकलं असतं तर तिला उभी करून मी ते पुरं करायला लावलं असतं. पण विषय वाढला तर मुलाबद्दल आणखी प्रश्न येतील ही मला भीती. म्हणून मी गप्प बसले, आणि नसलेल्या मुलाला घरात घेतल्याबद्दलचं मोठं मन पदरात पाडून घेऊन जिना चढले. ट्रकची लाज वाटते त्यापेक्षा या गप्प बसण्याची मला जास्त वाटते.

तो मुलगा मग भराभर मोठा झाला. वहिनींनी त्याच्यासाठी बेसनाचे लाडू आणून दिले. ते मी खाल्ले. चांगले झाले होते. तळमजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरांनी आपली जुनी टी-पट्टी आणि कंपासपेटी आणून दिली आणि पोरगं एकदा भेटवा म्हणाले. मी म्हणायची, तो फार भिडस्त आहे. एक ते चारमध्ये येतो. त्या वेळी ओव्हरसियर झोपलेले असतात, हे मला माहीत होतं. माझं दार दुपारी बंद का असतं, याला आता कारण मिळालं होतं आणि बिल्डिंगमध्ये माझा मान वाढला होता. जिन्यात लोक मला वाट देऊ लागले.

बातमी खराडीला पोचायला वेळ लागला नाही. मुलाचा फोन आला.  बाबा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं, असं तो म्हणाला.  मग त्याने विचारलं, कार्ड नक्की कसलं हवंय? मी सांगितलं. वीज खाचेतूनच घेणारं, लांबीला आखूड, जुन्या बोर्डावर पूर्ण चालणारं. तो हसायला लागला आणि म्हणाला की पोरगा हुशार दिसतोय, याला माझ्या टीममध्ये घेतला पाहिजे. तू विकत घेऊ नकोस, मी बघतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटलं, ऑफिसातून कोणाचं तरी पडून असलेलं आणील. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

रविवारी तो आणि नात आले. नातीच्या हातात एक चंदेरी पिशवी होती आणि पिशवीत कार्ड होतं. मुलगा खाली बसून कॅबिनेट उघडू लागला. बोलता बोलता मला कळलं की ते कार्ड तिचंच आहे, आणि मी सांगितलेल्या मापात नेमकं बसणारं. जेवताना घरी विषय निघाला होता, तेव्हा ती मध्येच उठून आत गेली, आपला कॉम्प्युटर तिने स्वतः उघडला आणि हे आणून टेबलावर ठेवलं. "आम्ही काही म्हटलंसुद्धा नव्हतं, आई," मुलगा म्हणाला. त्याने हे ऑफिसमध्येही सगळ्यांना सांगितलं होतं.

मी नातीला म्हटलं, अगं, मग तू काय करशील? ती म्हणाली, "मला काय, खेळायलाच लागतं. त्याला अभ्यासाला लागतं ना." हे वाक्य माझं होतं. मीच तिला तसं बोलायला शिकवलं होतं. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. मुलगा पाठमोरा बसून स्क्रू पिळत होता, नात टॉर्च धरून होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच की पोहे करू का.

तिने विचारलं, तो दादा आज येणार का? रविवारी येत नाही, मी म्हणाले. तिचा चेहरा जरा उतरला. जाताना तिने स्क्रीन बोटाने पुसली आणि दादाला सांग, कार्ड गरम झालं तर कॅबिनेटची बाजू थोडी उघडी ठेव, असं मला बजावलं.

सोमवारी मी खेळले. हेही लिहायला हवं, कारण इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की बाईला आता तरी काही वाटलं असेल. वाटलं होतं, पण दुपारी एक वाजता मी मशीन सुरू केलं. काचेवर पडलेला पावसाचा थेंब वायपरने पुसला जाताना दिसत होता. लांबचे डोंगर निळे होते, त्यांच्यावर खरंच बर्फ होतं. वळण होतं त्याच जागी दिसत होतं. मी चार वाजेपर्यंत उठले नाही. कॅबिनेटची बाजू तेवढी उघडी ठेवली होती.

नातीचे फोन पूर्वी आईने नंबर लावून दिला की यायचे. आता ती आपणहून करू लागली. दादाने आज काय काढलं? मी सांगायची, वाचनालयाची इमारत काढली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा जिना, तिसऱ्या दिवशी खिडक्या. बघायला पाठव म्हणाली की मी सांगायची, तो सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन जातो. मी मराठी शिकवलेलं, वर्णनं मला सुचतात. तिला त्या वाचनालयाची प्रत्येक खोली माहीत झाली. लहान मुलांच्या खोलीत खिडकीलगत बसायला कट्टा असावा, हा निरोप तिने दादाला दिला आणि त्याने तो ऐकला, असं मी कळवलं. तिला इतका आनंद झाला की तिने मला तो कट्टा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला.

मग एके दिवशी तिने विचारलं, "आजी, दादाला एक विचारशील? मुलींच्या ग्रुपमधून कोणी बाहेर राहिलं तर परत आत कसं जायचं?"

मी विचारलं, का ग? तिने आढेवेढे घेत सांगितलं. सगळ्या मैत्रिणी संध्याकाळी तो खेळ एकत्र खेळतात. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बोलणं त्याचंच असतं. तिच्या कॉम्प्युटरवर तो खेळ आता चालत नाही, त्यामुळे तिला त्यातलं काही कळत नाही. आधी त्या तिला समजावून सांगायच्या. मग कंटाळल्या. आता त्या दुसऱ्या बाकावर बसतात. आईबाबांना सांगू नकोस, ते लगेच नवीन कार्ड आणतील, मग मी दिलं त्याला काय अर्थ, असंही ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला दादाचं उत्तर कळवलं. तो म्हणाला, अशा वेळी चांगलं पुस्तक वाचावं. ती "बरं" म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मला स्वतःचा संताप आला. एक पोर डबा घेऊन एकटी बसते, माझ्यामुळे बसते, आणि मी तिला एका नसलेल्या माणसाच्या तोंडून वाचनाचं महत्त्व सांगते. पुढच्या दुपारी मशीन सुरू केलं, तरी ते 'बरं' कानात होतं. मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि तसाच उभा ठेवला. मला पुढे नेववला नाही. मग मशीन बंद करून, वायर काढून, कॅबिनेट आडवं केलं आणि कार्डाचे स्क्रू काढले. एक स्क्रू पंख्यात पडला. तो चिमट्याने बाहेर काढेपर्यंत मला रडू आवरलं नाही.

चंदेरी पिशवीत कार्ड घालून मी रिक्षाने खराडीला गेले. ठरवलं होतं की आधी तिला सांगायचं, मग मुलाला. ती शाळेतून येऊन खाली सोसायटीच्या बागेत बसली होती. हातात पुस्तक होतं. दादाने सांगितलं म्हणून घेतलं होतं. मी शेजारी बसले, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. काही गाळलं नाही. ट्रक, दुकान, वहिनी, लाडू, वाचनालय, सगळं. मी खोटं बोलले, लाज वाटत होती म्हणून बोलले, आणि तुझी वस्तू घेऊन खेळत बसले, असं तिला सरळ शब्दांत म्हणाले. बोलताना मी समोरच्या सायकलींच्या रांगेकडे बघत होते.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. हसेल असंही वाटलं होतं. आणि मनाच्या एका चोरकप्प्यात अशीही आशा होती की ती म्हणेल, आजी, तू ट्रक चालवतेस? कसला भारी!

ती म्हणाली, "म्हणजे तो नाहीच?"

"नाही."

"खिडकीतला कट्टा?"

"तोही नाही."

तिने पिशवीची कड घडी केली, उलगडली, परत घडी केली. मग म्हणाली, "मला डब्याच्या सुट्टीत वाटायचं, आत्ता तो माझ्या कार्डावर काम करत असेल. त्याला माहितीये मी दिलंय ते."  मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.  चुकले, एवढं म्हटलं. तिने मान हलवली, मोठी माणसं हलवतात तशी.

मी म्हटलं, चल, आता वर जाऊन तुझ्या बाबालाही सांगते. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबांना नको," ती म्हणाली. "ते ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतात माझ्याबद्दल. त्यांना खूप बरं वाटतं." मी म्हटलं, पण खरं सांगायला हवं, बाळा. ती म्हणाली, "तुला हलकं वाटायला?" हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरंच विचारलं. 

आम्ही वर गेलो. मुलगा नुकताच ऑफिसातून आला होता, सून चहा टाकत होती. मला पाहून त्याला आनंद झाला आणि लेकीच्या हातातली पिशवी पाहून आश्चर्य. अरे, हे परत कसं, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडलं. मी खरंच सांगणार होते, निदान मला तसं वाटतं.

"त्याला कॉलेजमधून लॅपटॉप मिळाला, बाबा," नात म्हणाली. "स्कॉलरशिपचा. म्हणून त्याने परत पाठवलं. आजीकडे निरोप दिलाय, थँक यू म्हणून. आणि त्याच्या वाचनालयाच्या ड्रॉइंगला कॉलेजात पहिला नंबर मिळाला."

तिने हे बूट काढता काढता सांगितलं. लेस सोडवली, मोजे बुटात कोंबले, दप्तर खुर्चीला अडकवलं. आवाज कुठे घाईचा नव्हता, कुठे अडखळला नाही. मुलाचे डोळे पाणावले. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाला, बघ आई, आजच्या काळातसुद्धा अशी मुलं असतात. तो कोणत्या मुलांबद्दल बोलत होता, ते त्याचं त्याला माहीत. सुनेने माझ्या हातात चहाचा कप दिला.

खोटं बोलणारी मुलं मी आयुष्यभर चेहऱ्यावरून ओळखली आहेत. नाक लाल होतं, नजर खिडकीकडे जाते, हात दप्तराच्या पट्ट्याशी खेळतो. शाळेत त्याबद्दल माझा दरारा होता. मी कपाच्या कडेवरून नातीकडे पाहत राहिले. ती सरळ बापाच्या डोळ्यांत बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही.